शैलाच्या चादरीचा काठ

शैला गेली हे मला गुरप्रीतनं फोनवर सांगितलं, आणि माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो लिहायलाही लाज वाटते. मी विचारलं, "तुझे किसने बताया?" कधी गेली, कशानं गेली, हे सगळं नंतर. आधी हे, की तुला माझ्याआधी कसं कळलं. मोहालीत आयटी कंपनीत नोकरी करणारा तिशीतला दाढीवाला सरदार, फोनवर हमसून हमसून रडत होता. रडतच त्यानं सांगितलं की शैलाची मुलगी मधुरा हिचा कॅनडाहून त्याला फोन आला, आई फोन उचलत नाही, जाऊन बघ म्हणून. कारण आंटीजींच्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. दुसरी किल्ली! आमची बावीस वर्षांची मैत्री, माझं घर तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि दुसरी किल्ली फुटबॉलच्या मैदानावर ढोल वाजवणाऱ्या पोराकडे... सकाळचा चहा घेऊन ती खुर्चीत बसली आणि बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. मी चपला सरकवून निघाले तेव्हा अरविंद, माझे यजमान, मागून म्हणाले, "अगं, स्वेटर तरी घाल." जानेवारी होता, बाहेर धुकं होतं, आणि मला थंडी कळत नव्हती. मला ती किल्ली दिसत होती.

याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसावर लिहायचं तर त्याचे गुण लिहायचे असतात, आणि शैलाचे गुण सांगायला मला कोणाच्या मदतीची गरज नाही. पण खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं मी तिचा हेवा करत आले. तो बाजूला ठेवून लिहायला बसले तर माझ्याकडे फार थोडं उरतं, म्हणून तो घेऊनच लिहिते.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी नागपूरची, अरविंद सेक्टर 30च्या प्रयोगशाळेत, म्हणून आम्ही चंदीगडला आलो आणि इथलेच झालो. मी शाळेत गणित शिकवायची. शैला कोल्हापूरची, तिचे यजमान एअर फोर्समध्ये. दर तीन वर्षांनी सामान बांधणाऱ्या बायकांशी मैत्री करायची नाही, असा माझा एक नियम होता. शैलानं तो पहिल्याच संध्याकाळी मोडला. मी शंभर माणसांची कणीक मळत होते, तर ती म्हणाली, "तू जरा सरक बघू, मी मळतो. तुझ्या हातात जोर न्हाई." कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी असं पुरुषासारखं बोलतात हे मी ऐकून होते, पण समोरासमोर ऐकलं ते तेव्हा. मला हसू आलं आणि तिला वाटलं मी तिला हसले. म्हणजे सुरुवातच भांडणानं झाली. पुढे तिच्या यजमानांनी इथेच घर घेतलं आणि निवृत्त झाल्यावर चारच वर्षांत ते गेले. मधुरा कॅनडात. शैला कोल्हापूरला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती राहिली.

तिचे यजमान गेल्यावर वर्षभर ती कुठे जात-येत नव्हती. तेव्हा अरविंदना कोणीतरी आपल्या इथल्या फुटबॉल क्लबच्या मॅचचे दोन पास दिले. अरविंदना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी शैलाला म्हटलं, "चाल, घरात बसून काय करून राहिली?" तिला मैदानावर पहिल्यांदा मी नेलं. हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलं की मैदानावरची पोरं मी तोंड उघडायच्या आत ते म्हणून दाखवायची.

आता माझं थोडं सांगायला हवं. माझे वडील रेल्वेत होते आणि सुटीच्या दिवशी नागपुरातल्या मॅचेसना रेफरी म्हणून उभे राहायचे. मला सोबत न्यायचे, टेबलापाशी बसवायचे आणि बजावायचे, "रेफरीच्या पोरीनं ओरडायचं नाही." बरोबर होतं त्यांचं. रेफरीची पोर एका बाजूच्या गोलला टाळ्या पिटायला लागली तर लोक काय म्हणतील? म्हणून गोल झाला की मी उभी राहायची आणि दोन्ही हात डोक्यावर गच्च दाबून धरायची. आतलं सगळं आतच राहावं म्हणून. ती सवय कधी गेलीच नाही. मॅच कशी बघायची हे मात्र मला कळतं. चेंडू कोणाकडे आहे ते सगळेच बघतात, पण चेंडू नसलेला माणूस कुठे पळतोय हे बघायचं असतं, ते वडिलांनी शिकवलं.

शैलाचं उलटं. कोल्हापुरात त्यांच्या पेठेच्या तालमीचा संघ होता, तिचे दोन्ही भाऊ त्यात खेळायचे, मॅचच्या दिवशी अख्खी पेठ मैदानावर. पण तिच्या आजोबांनी घरातल्या मुलींना मैदानाची पायरी चढू दिली नाही. तिनं मला पास हातात घेऊन घरातून निघतानाच सांगितलं होतं, "नलू, आम्ही पोरी गच्चीवर उभारायचो. आरडा कुठनं आला त्याच्यावरनं वळखायचं, गोल कुणी मारला. तुला म्हणून सांगतो, मी मॅच बघून न्हाई, ऐकून मोठी झालो." साठीला आलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानात शिरत होती. मी तिला छताखालच्या पश्चिमेच्या स्टँडात नेलं, तिथे डोळ्यांवर ऊन येत नाही आणि पूर्ण मैदान दिसतं. समोरच्या उघड्या स्टँडात चाळीसेक पोरं आणि एक ढोल. बाकी लोक मूंगफली सोलत बसलेले. शैलानं दहा मिनिटं कळ काढली. मग म्हणाली, "ही काय मॅच हाय का सत्यनारायण?" आणि उठली, मैदानाला अर्धा वळसा घालून त्या पोरांत गेली. मला वाटलं, बाथरूम शोधायला गेली. थोड्या वेळानं समोरून आरडा आला, "हाण की रं! हाण की रं!" आणि तो एकटीचा नव्हता. चाळीस पंजाबी गळे "हाण की रं" म्हणत होते, आणि एकालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता.

ती परत माझ्या शेजारी येऊन बसली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पोरांनी तिला 'शैला आंटी' करून टाकलं. ढोल गुरप्रीतचा, पण ठेका कधी वाढवायचा हे ती ठरवायची. ती मैदानाकडे पाठ करून उभी राहायची, पोरांकडे तोंड. नव्वद मिनिटांतली दहासुद्धा ती मॅच बघत नसे. यावरून आमचं नेहमी वाजायचं. मी म्हणायची, "तू मॅच पाहतेस कुठे? डावीकडून आलेला तो पास पाहिला का?" ती म्हणायची, "पास बघायला टीव्ही हाय की घरात. मैदानात बघायला जायचं नसतंय, आईकवायला जायचं असतंय. त्या खेळणाऱ्या पोरास्नी कळाय नको व्हय, कुणीतरी हाय म्हणून?" मी म्हणायची, खेळाडूंना ढोल ऐकू येत नसतो. ती म्हणायची, "तुला कुणी सांगिटलं? तुझ्या बानं शिट्टीच वाजवली जन्मभर." मग आम्ही दोन दिवस बोलायचो नाही. तिसऱ्या दिवशी ती तांबडा रस्सा घेऊन यायची, हे माहीत असून की मी मटण खात नाही. अरविंद खायचे.

मग तिनं चादर शिवली. एअर फोर्सच्या क्वार्टरमधले जाड पडदे तिनं जपून ठेवले होते. ते जोडून, क्लबच्या मोरपंखी रंगात रंगवून, तिनं वीस हात लांब फलक केला. पोरं त्याला चादरच म्हणायची. मॅचच्या आधी ती कठड्याला लावायची, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पुढच्या रांगेतल्यांनी दोन्ही हातांनी काठ धरून ठेवायचा. आता मुख्य गोष्ट. या चादरीच्या खालच्या काठावर शैला नावं टाकायची, सुईदोऱ्यानं. क्लबची मॅच दुसऱ्या शहरात असली की त्याला पोरं 'अवे' म्हणतात. जो अवेला जाऊन येईल त्याचं नाव त्या शहराच्या नावाखाली काठावर. आणि नियम असा पडला की आपल्या मैदानावर काठ धरायला पुढे उभं राहायचं ते ज्याचं नाव काठावर आहे त्यानंच. कोणी केला हा नियम? कोणीच नाही. पण तो मोडायची माझी छाती नव्हती आणि मानायची इच्छा नव्हती.

शैला म्हणायची, "घरच्या मैदानावर कोण बी वरडतंय. चारी बाजूनं परकी माणसं, आपण पंधराजण, तवा वरडून दाखव." ती कोलकात्याला गेली, गोव्याला गेली, गुवाहाटीला रेल्वेनं दोन दिवस बसून गेली आणि हरून आली. परत आली की तिचा घसा आठवडाभर बसलेला असायचा आणि चेहरा माहेरपणाहून आल्यासारखा. दर वेळी मला विचारायची, येतीस का? दर वेळी मी नाही म्हणायची. गुडघे आहेत, अरविंदचं पथ्य आहे. वर माझं एक तत्त्वज्ञानही होतं. मी म्हणायची, घरच्या मैदानावर आपण यजमान असतो, यजमानानं घरी हजर राहिलं म्हणजे त्याचं काम झालं, दुसऱ्याच्या दारात जाऊन ढोल पिटायची गरज काय? हे सगळं मला पटत होतं असं नाही. मला जायचं होतं. पण तिनं नेली म्हणून, तिच्या मागून, तिच्या पोरांत, 'शैला आंटी की सहेली' होऊन नव्हतं जायचं. कारण मी तीच झाले होते. बावीस वर्षं शाळेत ज्या बाईचं नाव घेतलं की वर्ग चिडीचूप व्हायचा, ती गेटवरच्या पोराला 'शैला आंटी की सहेली' म्हणून माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी दिल्लीची अवे आली. दिल्ली म्हणजे काय, सेक्टर 43च्या स्टँडवरून बस धरली की पाच-सहा तास. शैला फोनवर म्हणाली, "आता तरी चल. गुडघ्यावर बसून जायचंय का?" मी तिरीमिरीत म्हणाले, "तुला तुझी पोरं आहेत ना? मग मी कशाला लागते?" ती म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय, नलू." मी म्हटलं, हो, दुखतंय. फोन ठेवला.

आणि मग मी एक गोष्ट केली जी तिला कधीच सांगितली नाही. अरविंदना म्हटलं, दिल्लीला मावसबहिणीकडे जाऊन येते. मॅचच्या आदल्या दिवशी बस धरली. मोबाइलवर स्वतः तिकीट काढलं. मला बघायचं होतं, तिकडे असं काय असतं की ही बाई माहेरी गेल्यासारखी परत येते. लपून बघायचं होतं. पण तिकीट काढताना सवयीनं मी काय केलं, तर पश्चिमेचा, छताखालचा स्टँड निवडला. आत जाऊन बसले तेव्हा कळलं, आपल्या आजूबाजूला सगळे लाल शर्ट. तो त्यांच्या लोकांचा स्टँड होता. माझा मोरपंखी मफलर मी पर्सच्या तळाशी कोंबला आणि वर डबा ठेवला. मावसबहीण म्हणाली होती, ढोकळा घेऊन जा, तो डबा.

समोरच्या कोपऱ्यात, मोठ्या रिकाम्या स्टँडात, आमची माणसं एवढीशी दिसत होती. मी मोजली, अठरा. चादर लावलेली. इकडे हजारो माणसांचा गलबला, पण मधेच तो थांबला की तिकडून आवाज यायचा, आधी ढोल, आणि अर्ध्या क्षणानं "हाण की रं". खरं सांगते, मॅचमधलं मला काहीही आठवत नाही. मी पहिल्यांदा चेंडू सोडून माणसं बघत होते. साठाव्या मिनिटाच्या सुमारास आमचा डावीकडचा पोरगा चेंडू नसताना आत पळाला, मला कळलं आता काय होणार, आणि झालं. गोल. मी उभी राहिले, दोन्ही हात डोक्यावर... आणि आजूबाजूला बघते तर निम्म्या स्टँडानं डोक्याला हात लावलेले! माझ्या शेजारच्या आजोबांनी माझा पदर हलकेच ओढला, म्हणाले, "कोई बात नहीं, बहनजी. अभी बहुत टाइम है. बैठ जाओ." आणि माझ्या हातावर मूंगफली ठेवली. मी बसले. ती मूंगफली मी खाल्ली. आपल्या संघाच्या गोलचं सांत्वन करून घेऊन खाल्ली. त्याची टोचणी अजून आहे.

समोर काय झालं ते मी दाणे चावत बघितलं. अठराजण एकमेकांच्या अंगावर पडले होते आणि त्या ढिगाऱ्यात कुठेतरी शैला होती. मग ती त्यातून वर आली, केस सुटलेले, कठड्यापाशी येऊन मी बसले होते त्या स्टँडाकडे तोंड करून दोन्ही हात वर करून उभी राहिली. पंजाबी, हरयाणवी, एक मणिपुरी, असली सगळी पोरं तिला धरून होती. मला तिच्या जागी उभं राहायचं नव्हतं. मला त्या ढिगाऱ्यात असायचं होतं, सगळ्यात खाली असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चंदीगडला पोचून पर्सही ठेवली नव्हती, तोच तिचा फोन. घसा बसलेला. मला अवेची सगळी हकीकत ऐकावी लागली, आणि मी ती "हो का?" "मग?" करत ऐकली. ती म्हणाली, "आणि आईक की, गोल झाला तवा वळून बघितलं तर पलीकडच्या स्टँडात एक बाई डोक्याला हात लावून उभारली होती. बिचारी! लई वाईट वाटलं असणार तिला." मी म्हटलं, "असेल कोणी." मी पर्सची चेन ओढून लावली. पण ती पुढे गुरप्रीतच्या ढोलाची वादी कशी तुटली त्यावर गेली आणि मी सुटले. मला त्यांच्यातलीच समजली, असं वाटून मी निर्धास्त झाले. थोडं वाईटही वाटलं... इतक्या वर्षांची मैत्रीण मला ओळखत नाही म्हणून.

त्यानंतर पुढच्याच घरच्या मॅचला ती छताखालच्या स्टँडात आली, चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "ऊठ. पुढं चल. काठ धर." मी म्हटलं, "माझं नाव आहे का तुझ्या काठावर?" तिनं विचारलं, "बघितलंयस का कधी?" मी म्हटलं, "न गेलेल्याचं नाव काय बघायचं?" तिनं कमरेवर हात ठेवला. "बघ तरी जाऊन, खुळे." मी गेले नाही. मला वाटलं, माझी कीव करून ही मला फुकटात पुढे नेते आहे. त्यानंतर दोन वर्षांत तिनं हे तीन-चारदा विचारलं असेल, बघितलंस का, बघितलंस का. मी दर वेळी म्हटलं, मला गरज नाही.

ती गेल्यावर तेराव्या दिवशी मधुरानं घरी सगळ्यांना बोलावलं होतं. आम्ही मराठी मंडळी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला क्लबची पोरं, सत्तरेक तरी, गळ्यात मफलर घातलेली, जमिनीवर मांडी घालून. एकेक जण उठून सांगायला लागला. गुवाहाटीला जाताना एका फलाटावर आंटीजींनी सगळ्यांना सत्तू भरलेल्या लिट्ट्या वाटल्या आणि स्वतः बिस्किट खाल्लं. गोव्यात एकाचं पाकीट मारलं तर आंटीजींनी पोलिसांना कोल्हापुरीतून झापलं. मणिपुरी पोराच्या बहिणीच्या लग्नाला त्या एकट्या गेल्या होत्या. यातलं मला एकही माहीत नव्हतं. मी ऐकत होते आणि मनात बोटं मोडत होते. हे कधी झालं? मला का नाही सांगितलं? मग आठवलं की ती सांगायला लागायची आणि मीच म्हणायची, पुरे तुझं अवेपुराण. शेवटी मधुरा मला बिलगून, पोरांना कळावं म्हणून हिंदीत, म्हणाली, "मावशी, आप भी कुछ बोलो ना." मी उठले आणि म्हणाले, "तिला मैदानावर पहिल्यांदा मी नेलं." पोरं रडता रडता हसली. मी खाली बसले.

त्यानंतर आठवड्यानं गुरप्रीत चादर घेऊन माझ्या दारात. म्हणाला, "आंटीजी, आखरी अवे के नाम अधूरे रह गए. शैला आंटी कहती थीं, मुझे कुछ हो गया तो चादर नलिनी आंटी को देना. होर किसे नूं नहीं." दुसऱ्या कोणालाही नाही. मी म्हटलं, ठेव. मनात म्हटलं, वा, जाता जाता मला शिंपीण करून गेली, दुसऱ्यांची नावं टाकायला. दोन दिवस चादर तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी अरविंद झोपल्यावर मी ती दिवाणखान्यात पसरली. जमशेदपूरच्या खाली चार नावं पुरी, पाचवं अर्धं, आणि त्यात सुई तशीच टोचलेली, दोऱ्यासकट. त्या सुईला हात लावायचा धीर झाला नाही. मी गुडघ्यांवर रांगत काठ वाचत निघाले, कोलकाता, गोवा, गुवाहाटी. काही नावं इंग्रजीत, काही गुरुमुखीत, ज्यानं जशी लिहून दिली तशी. दिल्ली आली. मी मोजली. सतरा पोरांची आणि एक शैलाचं, अठरा. बरोबर. म्हटलं, बघ, म्हणे बघितलंस का! आणि चादर घडी घालायला म्हणून पलीकडची बाजू उचलली तर वरच्या काठाची दुमड एका जागी जाड लागली. उलटून बघितलं. दुमडीच्या आत, दिल्लीच्या बरोब्बर समोर, अख्ख्या वरच्या काठावर एकटंच, हळदी रंगाच्या दोऱ्यानं, मराठीत, बारीक टाक्यात... 'दिल्ली. नलू.' 

अठराजण खाली आणि मी वर. ते जिथं उभे होते तिथं ते, आणि मी जिथं बसले होते तिथं मी.

अरविंद उठून आले, चहा केला, माझ्याजवळ ठेवला, निवला. गोल झाल्यावर डोक्याला हात लावून उभी राहणारी बाई जगात एकच आहे, हे शैलापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? 'बिचारी, लई वाईट वाटलं असणार तिला'... हसू दाबून म्हणाली असेल, आणि मी "असेल कोणी" म्हटलं. सरळ विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं, हेही तिला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही, नाव टाकलं, आणि दोन वर्षं माझ्या मागे लागली, बघितलंस का म्हणून. आणि मी माझ्या ताठ्यात, एवढी वीस हात चादर, मैदानाच्या अर्ध्या वळशावर, एकदा जाऊन बघितली नाही. फार राग आला मला तिचा. माझ्यापेक्षा माझंच गुपित तिनं चांगलं सांभाळलं. यातसुद्धा ती पुढे, आणि मी तिच्या मागे. आणि मग मी रडले, ती गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडात पदर कोंबून.

अर्धं राहिलेलं नाव मी दुसऱ्या सुईनं पुरं केलं. मागच्या रविवारी दुपारी घरची मॅच होती. मी चादर घेऊन गेले, आणि छताखाली न जाता समोरच्या उघड्या स्टँडात गेले. तिथे डोळ्यांवर भयंकर ऊन येतं. गुरप्रीतनं सरकून जागा केली. मी वरचा काठ धरला, दिल्लीपाशी, अंगठ्याखाली ती जाड दुमड. मॅच धड दिसत नव्हती, कठडा मधे येतो, वारा चादर ओढत होता, कानाशी ढोल. डावीकडून कोण आत पळालं ते मला कळलंच नाही. एकदम सगळे ओरडले म्हणून कळलं, गोल. मी उभीच होते. हात सवयीनं डोक्याकडे निघाले, पण चादर सोडली असती तर उडाली असती. दोन्ही मुठी काठात अडकलेल्या, आणि आतलं आत दाबायला काहीच उरलं नाही. तोंडातून जे निघालं ते नागपुरी नव्हतं. "हाण की रं!" गोल झाल्यावर हाण म्हणतात का कोणी? पण निघालं, आणि असं निघालं की मागच्या दोन रांगा वाकून बघायला लागल्या. गुरप्रीत ढोल सोडून माझ्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "आंटीजी! बिल्कुल शैला आंटी दी आवाज!"

एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा मैदानावर ओरडले, आणि तेही तिच्याच नावावर गेलं.

चादर आता माझ्या कपाटात असते. तिची सुई मी एका डबीत ठेवली आहे, तो दोरा तसाच ओवलेला. पुढच्या महिन्यात गुवाहाटी आहे, अरविंद म्हणतात, तुझे गुडघे, मी म्हणते, बघू. मॅचनंतर घडी घालताना गुरप्रीत म्हणाला की खालचा काठ आता भरत आलाय, यापुढची नावं वरच्या काठावर घेऊया, तो सगळा रिकामाच आहे. मी म्हटलं, खाली नवी पट्टी जोडून देते, हवी तेवढी लांब. वरचा काठ कोणाला मिळणार नाही.